बिघडलेला शाफ्ट कुणाचा?

दसऱ्याला आमच्या शिरोलीच्या कारखान्यात मशीनची पूजा झाली, पण पेढा कुणाच्या घशाखाली उतरेना. पगार वाढायचं नावच नव्हतं. आमच्यातला सगळ्यात तरबेज कारागीर दिगंबर कंटाळून रिक्षा चालवायला लागला होता.

शेवटी मशीनचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सर्जेराव चौगुल्यानं पगाराचा विषय काढला. मालक मगदूम मशीनच्या हारावर हात फिरवत, पूजेला आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, सगळं काम ही करते. तुम्ही नुसती बटणं दाबता. त्याचा कसला पगार वाढवायचा?"

 सर्जेरावानं भंगारातून एक बिघडलेला शाफ्ट उचलला, त्याला हळदकुंकू लावलं आणि मशीनपुढं नारळाशेजारी ठेवला.

"हे काय रे?"

"गेल्या महिन्यात हिच्यावर करताना हा बिघडला, मालक. तुम्ही माझा पगार कापला. सगळं काम हीच करते म्हणता, तर कापायचं ते हिचं कापा की."

गिऱ्हाइकं गालात हसली. मालक तडकले, "तिचा काय संबंध? तो तुझ्यामुळं बिघडला!"

"बरं. मग जे बिघडले नाहीत, ते कुणामुळं?"

मालकांनी नुसताच हार सारखा केला.

दिवाळीला पगार वाढला. मी दिगंबरला परत ये म्हणून सांगायला रिक्षा स्टँडवर गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मीटर पाडला आणि विचारलं, "कुठं सोडू?"