वाटीतल्या गोळ्या

एका गावात एक काकू होत्या, शेवंताकाकू. हात फार सढळ! शेजारून भाजीची वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. काकूंचं तर वाटी घासायच्या आधीच ठरलेलं असायचं, आता हिच्यात काय घालायचं ते.

शेजारी दगडूतात्या राहायचे. यात्रेत देवाची उंच काठी कमरेवर तोलून नाचवायचा मान त्यांचा. यंदा यात्रा तोंडावर आली आणि नेमकी तात्यांची कंबर धरली. ते औषधांच्या दुकानात गेले.

"इक्बालभाई, एकदम जालीम गोळी दे. दुखणं कळताच कामा नये."

"तात्या, साधं मलम न्या. तसली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, कायदा आहे."

"दुखते माझी कंबर, तुझा कायदा कुठे दुखतो?" तात्या फणफणत घरी आले.

ते काकूंनी ऐकलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना अशाच गोळ्या मिळाल्या होत्या, काही उरल्या होत्या. तात्यांच्या घरची वाटी ओट्यावर होतीच. काकूंनी तिच्यात गोळ्या घातल्या आणि निरोप धाडला, "मला एकीनेच गुण आला."

तात्यांनी विचार केला, एवढ्याशा काकूंना एक, तर माझ्यासारख्या गड्याला तीन तरी हव्यात. आणि खाल्ल्या की हो तीन!

दुपारी सरावाला तात्या हसत आले. कंबर दुखेना. पण हळूहळू जीभ जड झाली, डोळे मिटू लागले आणि ते पारावरच आडवे झाले. हाका मारल्या, चिमटे काढले, छे! श्वाससुद्धा थांबून थांबून येऊ लागला. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "यांनी काय घेतलंय? लवकर सांगा, म्हणजे उतारा देता येईल."

गर्दीतल्या काकूंच्या मनात आलं, बोलावं तर जन्मभर कमावलेलं नाव जाणार, वर पोलीस आले तर? न बोलावं तर तात्याच जाणार. काकू रडत रडत पुढे झाल्या.

"माझ्या गुडघ्याच्या गोळ्या, बाई. मीच दिल्या."

बाईंनी लगेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने तात्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं? "काठी कुणी पाडली नाही ना?" सगळा पार हसला. काकू तर हसता हसता पुन्हा रडल्या.

बाई मात्र रागावल्या. "चिठ्ठी ज्याच्या नावाची, गोळी त्यानेच घ्यायची. तीही सांगितली तेवढीच. पण काकू, आज तुम्ही गप्प बसला असता तर हे उठले नसते."

तात्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. यात्रेत काठी त्यांच्या पुतण्याने, रंगनाथने नाचवली. दुसऱ्या दिवशी त्याचीही कंबर धरली. आला कण्हत काकूंकडे.

"काकू, उरलीय का एखादी?"

"उरलेल्या सगळ्या बाईंकडे परत केल्या," काकू म्हणाल्या. "थांब, चप्पल घालते." आणि त्याच्या दंडाला धरून त्या त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

तात्पर्य: शेजाऱ्याला भाजी द्यावी, सोबत द्यावी, पण आपल्या नावाची गोळी देऊ नये, आणि दिलीच गेली, तर लाजेपायी लपवू नये.