बूममधला तिसरा दोर

"पण तुम्ही नक्की जाणार कधी, ते तरी सांगा," भार्गवने विचारले. गेला महिनाभर तो रोज हेच विचारत होता.

खाडीकाठच्या त्या मठात अच्युतस्वामींची हयात गेली होती. आता अंग थकले. मठ आपल्या शिष्याच्या, भार्गवच्या हाती द्यावा आणि उरलेले दिवस नर्मदेकाठी काढावेत, असे ते एकदा बोलून गेले. बोलले आणि फसले.

"उद्या," स्वामी म्हणाले. "उद्या भरतीला मला पलीकडे सोड. परत येशील तो मठाचा धनी होऊन."

भार्गवला आनंद लपवता आला नाही. त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"मात्र होडीच्या बूममधले दोर आज बदल. कुजलेत. खाडीच्या तोंडाशी वारा चढला आणि शीड आखडता आलं नाही, तर मठ दोघांनाही मुकेल."

भक्त कोणी मठाला गाय देतो, कोणी पंखा. एका हौशी भक्ताने आपली शिडाची होडी दिली होती. शिडाच्या तळाशी आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. तो आतून पोकळ. शीड आखडायचे तीन दोर त्याच्या पोटातून जातात. बाहेर दिसतात ती फक्त टोके.

"जुना दोर बाहेर काढण्याआधी..." स्वामी सांगू लागले.

"कळलं."

"अरे, ऐकून तरी घे..."

"कळलं हो, स्वामी! दोर बदलायला काय ब्रह्मज्ञान लागतं?"

स्वामींनी माळ उचलली.

भार्गवला जुन्याचा मनस्वी तिटकारा. मठातला म्हातारा आचारी त्यानेच घरी पाठवला. नव्या आचाऱ्याला आमटी कोणी शिकवायची, हे मात्र राहून गेले. तेव्हापासून पंगतीत जे वाढतात त्याला आमटी म्हणणे ही निव्वळ श्रद्धा आहे.

भरती होती. होडी धक्क्याला बरोबरीने लागलेली. स्वामी सहज पाऊल टाकून आत आले आणि मागच्या फळीवर माळ घेऊन बसले.

भार्गवने पहिला दोर खसकन ओढून काढला. हिरवट, खारट, बुरसटलेला. त्याने तो खाडीत भिरकावला.

दुसराही गेला.

तिसऱ्याची गाठ आवळली होती, ती सुटेना. "तुझ्याकडे मग बघतो," असे तिला बजावून त्याने नवा दोर उचलला आणि बूमच्या तोंडात सारला.

दोर हातभर गेला आणि आत वेटोळे करून बसला.

त्याने पुन्हा सारला. पुन्हा तेच.

मग तार आणली. ती आतल्या कुठल्याशा कप्पीत अडकली. मग बांबूची कामटी आणली. ती आतच मोडली. मग सुतळीला नट बांधून तो आत सोडला. नट आत खुळखुळला, पण पुढे जाईना. बूमच डोलकाठीपासून सोडवावा म्हटले, तर तिथला खिळा गंजून एकजीव झालेला.

ऊन डोक्यावर आले. भार्गवच्या तोंडी जे शब्द येऊ लागले ते मठात शिकवत नाहीत.

स्वामींची माळ चालू होती...

"बसून काय राहिलात!" भार्गव अखेर ओरडला. "नवा दोर आत जातो कसा?"

"जुन्याच्या मागून."

"म्हणजे?"

"नव्याचं टोक जुन्याच्या शेपटाला शिवायचं. जुना ओढायचा. तो जाता जाता नव्याला घेऊन येतो."



"मग हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो. तुला कळलं होतं."

...

"आता?" भार्गवचा आवाज खाली आला. उद्याची भरती त्याला डोळ्यांसमोर जाताना दिसत होती. भरतीबरोबर मठही.

"सगळे काढलेस?"

"एक आहे. गाठ सुटेना म्हणून राहिला. पण तो सगळ्यात कुजका."

"वा! गाठीला नमस्कार कर."

भार्गवने नमस्कार केला नाही, पण गाठ बोटांनी उकलली. सकाळी त्याने नख लावायचाही कंटाळा केला होता. एका जुन्यामागून तीन नवे दोर मावणार नाहीत, म्हणून आधी सुतळ्या घेतल्या. त्या जुन्याला गाठीने बांधायला लागला तेव्हा स्वामींनी त्याच्या हातावर चापट मारली.

"गाठ कप्पीतून जाणार नाही. शिव."

तिन्ही नव्या दोरांसाठी तीन बारीक सुतळ्या. त्या जुन्याच्या शेपटाला शिवताना सुई त्याच्या बोटात तीनदा शिरली. दर वेळी तो स्वामींकडे असा बघे, की जणू सुई त्यांनीच टोचली.

मग त्याने जुन्याचे पुढचे टोक धरले आणि सवयीप्रमाणे हिसका दिला.

बूमच्या पोटात काहीतरी तटकन तुटले.

"हळू ओढ," स्वामी म्हणाले. "कुजलाय."

"कुजलाय म्हणूनच तर बदलतोय ना!"

"म्हणूनच हळू."

दोर तुटला नव्हता, एक पीळ गेला होता. भार्गवने आता श्वास रोखून ओढायला सुरुवात केली. वीतभर ओढायचा, थांबायचा, कान द्यायचा. दोराची साल हातात भुग्यासारखी उतरत होती. मध्ये तो अडला. भार्गवचे दंड फुरफुरले, पण त्याने हिसका दिला नाही. जरा ढील दिली, पुन्हा ओढले. जन्मात प्रथमच त्याने कशाला तरी ढील दिली असेल.

आणि जुन्या दोराचे शेपूट बाहेर आले. मागोमाग तिन्ही सुतळ्या.

पुढचे काम म्हणजे पोरखेळ होता. सुतळ्या बूमच्या तोंडाशी आपापल्या कप्पीवर चढवल्या आणि त्यांच्या मागून नवे दोर सुळसुळत बाहेर आले. भार्गव हसला. हसताना तो चांगला दिसतो. हसत नाही, हीच तर तक्रार.

"हा आता टाकू?" जुना दोर हातात धरून त्याने विचारले.

"आता टाक."

एव्हाना ओहोटी लागली होती. होडी खाली गेली आणि धक्का पुरुषभर उंच राहिला. भार्गव टुणकन वर चढला. खाली स्वामी फळीवर उभे राहिले, एक पाय धक्क्याच्या पायरीवर ठेवला आणि हात वर केला.

भार्गवने वाकून तो धरला. पण त्याचे डोळे खाडीच्या तोंडाकडे होते.

"मग उद्या किती वाजता निघायचं?" असे विचारत त्याने हिसका दिला.

स्वामींचा खांदा कटकन वाजला. ते अर्ध्यातच लोंबकळले...

"हळू ओढ, भार्गवा," खालून आवाज आला. "कुजलाय."