बायजाचा दुपेडी दोरा

एका द्राक्षाच्या तडकलेल्या सालीवर एक गाव होतं. खमिराच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशींचं. डोळे ताणू नका, दिसायचं नाही. मोहरीच्या दाण्यावर हजारो मावतील एवढी ती माणसं. तिथं एक बायजा राहायची. तिथली लेक आईच्या अंगावर कोंबासारखी फुटायची, तुटून वेगळी झाली की मागं व्रण राहायचा. बायजाच्या अंगावर तीन व्रण, म्हणजे तीन लेकी वेगळ्या काढलेल्या. चौथीचे डोहाळे लागलेले.

गावात प्रत्येकीच्या पोटात एक दुपेडी दोरा असायचा. शिकलेली माणसं त्याला डीएनए म्हणतात. साखर कशी खायची, फेस कसा काढायचा, सगळं त्यावर लिहिलेलं, आणि अक्षरं फक्त चार. एका पेडावर जे अक्षर, त्याचा जोडीदार समोरच्या पेडावर ठरलेला. लेक काढायची तर आधी दोऱ्याची नक्कल काढून तिला द्यायची, ही तिथली रीत.

एक दिवस भर दुपारी वाऱ्यानं वरचं पान सरकलं आणि उन्हातून अतिनील किरण उतरला. दिसत नाही मेला, पण खोड्या भारी. त्यानं बायजाच्या दोऱ्यात हात घातला आणि शेजारशेजारची दोन अक्षरं धरून चिकटवून टाकली. एका जागी नाही, वीस जागी.

"काढ आता लेक," तो म्हणाला. "बघू काय वाचते ती."

बायजानं कोंब तिथंच थांबवला.

शेजारच्या हौसालाही तोच फटका बसला होता. पण सालीच्या तड्यातला रस आटत चाललेला, आणि उशीर करील तिच्या वाट्याची साखर दुसरी खाणार. हौसानं चिकटलेल्या दोऱ्याचीच नक्कल दडपून दिली. वर बायजाला शहाणपण शिकवलं, की अगं, दोन अक्षरांचं काय घेऊन बसलीस, लेक ती लेक. तेवढ्यात तिची लेक बाहेर पडली. बसली साखरेच्या ढिगात, आणि साखर खायची कशी तेच तिला कळेना.

बायजानं दोरा चाचपला. जिथं चिकटलेल्या अक्षरांचा फुगवटा लागला तिथं दोन्हीकडून कापलं आणि त्या एका पेडाचा पंचवीसेक अक्षरांचा तुकडाच काढून फेकला. मग समोरचा पेड वाचत वाचत नवी अक्षरं भरली, टोकं सांधली.

किरण फिदीफिदी हसला. दोनासाठी पंचवीस फेकतेस, अशानं जन्म जाईल, म्हणाला. आणि सांधलेल्या जागेच्या पलीकडं आणखी दोन अक्षरं चिकटवली.

बायजानं मान वर केली. "तू चिकटव. मी कापते. तुला ऊन आहे तोवर सवड आहे, मला माझी लेक होईपर्यंत आहे."

तो चिकटवत राहिला, ती कापत राहिली. भोवतालचा रस संपत आला तरी कोंब तिनं हलू दिला नाही. ऊन कललं तसा किरण पातळ होत गेला, आणि शेवटी निघून गेला.

मग बायजानं सगळा दोरा पुन्हा एकदा चाचपला आणि नक्कल काढली. तिच्या अंगावर चौथा व्रण उमटला. लेक बाहेर आली ती आईला नमस्कार न करताच उरलेल्या साखरेवर तुटून पडली. आईचाही घास सोडला नाही कार्टीनं. बायजा उपाशीपोटी बघत बसली आणि पोट धरून हसली.

तात्पर्य: बिघडवणारा कितीही दांडगा असो, त्याचा बिघाड आपल्या हातानं पुढच्याच्या गळ्यात बांधायचा नाही, काम थांबवायचं, नासलं तेवढं कापायचं, शाबूत आहे ते वाचून भरायचं, आणि तो परत आला तर आपणही परत बसायचं.