नानू वाण्याच्या खुनाचा कौल

१२ फेब्रुवारी १९६१. सकाळभर दाट धुकं, वारा अजिबात नाही.

नानू वाणी दुकानात गळा चिरलेला सापडल्यापासून गाव सुन्न होतं. कोणी म्हणे चोरांनी मारला, कोणी म्हणे भाऊबंदांनी. गावचे मुख्य मानकरी दत्ताराम गावकर मात्र बाबली तेल्याचंच नाव घेत होते. त्यांनी देवळात कौल लावायला सांगितलं. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून बाबलीचं नाव घेतलं आणि उजवी पाकळी गळाली. म्हणजे होकार.

"फौजदारसाहेब, देव बोललो. घाला बेड्यो!" गावकर गरजले.

हाती पुरावा नसलेल्या फौजदारांनी खरंच बेड्या घातल्या.

बाबलीची बायको सुंदरा पुढे आली. "गावकारानू, आता तुमच्या नावान कौल लावा. उजवी पडली तर ह्योच बेड्यो तुमका."

गुरवाने पाकळी उचललीसुद्धा. गावकर पांढरेफटक पडले.

"थांब रे! पाकळयेवरून कोण खुनी ठरता काय?"

"ह्यांच आता साहेबांका सांगा," सुंदरा म्हणाली.

फौजदारांनी बेड्या काढल्या. नानूचा खुनी आजतागायत सापडलेला नाही.