सगुणेचा खोकला

सगुणेचा बा पंचक्रोशीतला नामी गुळव्या. उसाचा रस शिजून गुळाजोगा कधी झाला, हे त्यानंच सांगावं. पण त्याची नजर मंदावली, तशी सगुणा त्याच्या मागं उभी राहू लागली. पाक जमला की ती हळूच खोकायची आणि बा गरजायचा, "उतरवा!" तोवर गड्यांनी पाकाच्या काहिलीला हात घातलेलेच असायचे. हे साऱ्यांना ठाऊक होतं, गुऱ्हाळाचे मालक बळवंतरावांनाही.

यंदा बानं अंथरूण धरलं. बळवंतराव म्हणाले, "बाईचा हुकूम माझ्या काहिलीवर चालायचा नाही. हुकूम मी देईन. तू आपली नेहमीसारखी मागं उभी राहा."

सगुणा उभी राहिली. पाक फसफसून वर आला, पिवळा झाला, तांबूस व्हायला लागला. सगुणा गप्पच. बळवंतरावांनी मागं वळून पाहिलं.

"अगं, करपेल आता! खोक की!"

"खोकला बासाठी होता, मालक. हुकूम हवा असेल तर पुढं बोलवा."

"ये बाई, ये पुढं!"

"उतरवा!" सगुणा कडाडली. काहील उतरली, पाक गूळ निवायच्या वाफ्यात सोन्यासारखा पसरला.

मग ती वळून म्हणाली, "आता तुम्ही राहा उभे माझ्या मागं. खोकू तेवढं नका. गड्यांना सवय आहे, कच्चाच पाक उतरवतील."