उंदीर, बटाटा आणि तुळसाचा ळ

एक होती शाळा. शाळेत होता पहिलीचा वर्ग. वर्गात होतं एक टेबल. टेबलावर कोण होतं?

टेबलावर होता उंदीर. मातीचा!

तो केला होता तुळसाने. तुळसा पहिलीतली. एवढीशी मुलगी, पण हात कसले गुणाचे! गोल गोल पोट केलं. इवले इवले कान केले. आणि शेपटी वळली, टोक वर, टोक मागे. अशी शेपटी अख्ख्या शाळेत कुणाला जमली नाही, सांगते!

आज वर्षाचा शेवटचा दिवस. भिंतीवर चित्रं. खिडकीत पानांचे ठसे. दोरीवर मण्यांच्या माळा. सगळं मुलांनीच केलेलं, बरं का! थोड्या वेळाने आई येणार, बाबा येणार. प्रत्येकाने उभं राहायचं आणि सांगायचं, "माझं नाव अमुक. हे मी केलं."

तेवढ्यात टेबलाला लागला धक्का. खुट्!

अगं बाई! उंदराची शेपटी मोडली. पडली खाली, झाला भुगा.

उंदरापुढे होती नावाची पाटी. तिसरीतला बालाजी आला. त्याने पाटी वाचली, "उं-दी-र." मग टेबलाकडे बघितलं.

"आं? उंदीर कुठाय? हा तर बटाटा! उंदीर पळाला, बटाटा ठेवून गेला!"

ही ही ही! सगळे हसले. उंदराला आलं रडू.

"मी नाही बटाटा! मला शेपटी हवी. आत्ताच्या आत्ता हवी."

आणि उंदीर निघाला. गुडुक गुडुक, गुडुक गुडुक.

कोपऱ्यात होता सुतळीचा गुंडा.

"सुतळीबाई, सुतळीबाई, माझी शेपटी हो ना!"

"होईन की! पण मी ही एवढी लांब. तुझी शेपटी एवढीशी. कात्री कापेल, तर होईन."

उंदीर निघाला. गुडुक गुडुक, गुडुक गुडुक.

"कात्रीताई, कात्रीताई, सुतळी काप ना!"

"का रे बाबा?"

"कात्री कापेल सुतळी,
सुतळी होईल शेपटी,
शेपटी लागली की मी उंदीर.
नाहीतर सगळे म्हणतील बटाटा!"

कात्री म्हणाली, "म्ं म्ं म्ं! माझे ओठ चिकटलेत गोंदाने. सकाळपासून पताका कापतेय. फडकं पुसेल, तर कापीन."

उंदीर निघाला. गुडुक गुडुक, गुडुक गुडुक.

"फडक्या, फडक्या, कात्री पूस ना!"

"का रे बाबा?"

"फडकं पुसेल कात्री,
कात्री कापेल सुतळी,
सुतळी होईल शेपटी,
शेपटी लागली की मी उंदीर.
नाहीतर सगळे म्हणतील बटाटा!"

फडकं म्हणालं, "मी बघ कसं कोरडं ठाक! कोरड्याने गोंद निघतो होय? मावशी भिजवेल, तर पुसीन."

उंदीर निघाला. गुडुक गुडुक, गुडुक गुडुक.

माठाजवळ बसली होती रखमामावशी. तीच खिचडी करते, तीच पाणी देते.

"मावशी, मावशी, फडकं भिजव ना!"

"का रे बाळा?"

"मावशी भिजवेल फडकं,
फडकं पुसेल कात्री,
कात्री कापेल सुतळी,
सुतळी होईल शेपटी,
शेपटी लागली की मी उंदीर.
नाहीतर सगळे म्हणतील बटाटा!"

मावशी म्हणाली, "भिजवते की रे राजा! पण घंटा झाल्याशिवाय माठाला हात नाही. बाईंचा नियम आहे. घंटा करेल ठण ठण, तर भिजवीन."

उंदीर निघाला. गुडुक गुडुक, गुडुक गुडुक.

व्हरांड्यात टांगली होती घंटा.

"घंटाबाई, घंटाबाई, ठण ठण कर ना!"

"का रे बाबा?"

"घंटा करेल ठण ठण,
मावशी भिजवेल फडकं,
फडकं पुसेल कात्री,
कात्री कापेल सुतळी,
सुतळी होईल शेपटी,
शेपटी लागली की मी उंदीर.
नाहीतर सगळे म्हणतील बटाटा!"

घंटा म्हणाली, "नाव सांगायचा सराव संपला की मी वाजते. सगळ्यांचं नाव सांगून झालं. एकच राहिली. तुळसा सांगेल नाव, तर वाजेन."

तुळसा? कुठे होती तुळसा?

टेबलाखाली! गाल फुगवून, गुडघे पोटाशी घेऊन.

उंदीर आला. गुडुक गुडुक, गुडुक गुडुक.

"तुळसा, तुळसा, नाव सांग ना!"

"का रे?" तुळसा म्हणाली.

"तुळसा सांगेल नाव,
घंटा करेल ठण ठण,
मावशी भिजवेल फडकं,
फडकं पुसेल कात्री,
कात्री कापेल सुतळी,
सुतळी होईल शेपटी,
शेपटी लागली की मी उंदीर.
नाहीतर सगळे म्हणतील बटाटा!"

"मी नाही सांगणार," तुळसा म्हणाली. "मला ते नीट येत नाही. सगले हसतात."

खरंच हो. तुळसाला सगळं यायचं. शंभरपर्यंत अंक यायचे. गाणी यायची. पण ळ? ळ काही यायचा नाही! शाळेला म्हणायची शाला. फळ्याला म्हणायची फला. इंगळेबाईंना म्हणायची इंगलेबाई. आणि स्वतःला म्हणायची तुलसा. बाई कधी रागावल्या नाहीत. म्हणायच्या, "येईल हो. त्याला वेळ लागतो, येईल."

उंदीर हळूच म्हणाला, "मला पण हसले. बटाटा म्हणाले."

"बटाटा? आणि तुझी शेपटी?"

"मोडली. खुट्!"

"अरे देवा! मी केवढी छान वलली होती!"

"कशी वळली होतीस गं?"

तुळसाने बोट वाकवून दाखवलं. "अशी. टोक वर. टोक मागे."

उंदराचे कान ताठ झाले.

"मग जिभेची शेपटी कर! टोक वर. टोक मागे. आणि सोड!"

तुळसाने जीभ वळवली. टोक वर. "ल."

"अजून मागे!"

"ल्ल."

"अजून मागे, अजून मागे!"

तुळसाने डोळे मिटले. जीभ वळवली. टोक वर, टोक मागे. आणि सोडली.

"ळ!"

आला! अहो, आला! वर्षभर रुसून बसलेला ळ आला!

"तु... ळ... सा," तुळसा म्हणाली. "तुळसा. तुळसा!"

तुळसा टेबलाखालून बाहेर आली. सगळ्या वर्गासमोर उभी राहिली. बालाजी दारातच होता. हसायला त्याने तोंड उघडलं होतं.

तुळसा मोठ्याने म्हणाली, "माझं नाव तुळसा!"

बालाजीचं तोंड उघडंच राहिलं. मग काय! टाळ्याच टाळ्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या बालाजीच्या.

आणि मग?

तुळसाने सांगितलं नाव.
घंटेने केलं ठण ठण ठण!
मावशीने भिजवलं फडकं. चिंब चिंब!
फडक्याने पुसली कात्री. चुळुक चुळुक!
कात्रीने कापली सुतळी. कचक!
सुतळीची झाली शेपटी.
शेपटी तुळसाने चिकटवली. टोक वर, टोक मागे.

बालाजी आला. त्याने पाटी वाचली, "उं-दी-र." मग टेबलाकडे बघितलं.

"अरे वा! उंदीरच की! आणि शेपटी बघा, शेपटी!"

उंदीर असा फुगला, असा फुगला! मातीचा होता म्हणून बरं, फुगा असता तर फुटलाच असता.

मग आई आली. बाबा आले. सगळ्यांचे आईबाबा आले. तुळसाने उंदीर हातात घेतला.

"माझं नाव तुळसा. हा मी केला. हा उंदीर आहे, बटाटा नाही."

झालं. आता खाली बसायचं होतं. पण तुळसा बसते कसली! एकदा आलेला ळ सोडतंय कोण?

"ही आमची शाळा. हा आमचा फळा. ह्या माळा. ही मातीची केळी. हे सगळं आम्ही केलं. सगळं!"

आई बघतच राहिली. मावशी माठ सोडून दारात आली. काय ती पोर, आणि काय तो ळ! ऐकत राहावं नुसतं.

मग तुळसा बाईंकडे वळली. तिने जीभ वळवली, टोक वर, टोक मागे.

"आणि ह्या आमच्या इंगळेबाई."

वर्षभर त्या होत्या इंगलेबाई. आज झाल्या इंगळेबाई. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि तुळसाला उचलूनच घेतलं. उंदरासकट!

उंदराला मिळाली शेपटी, तुळसाला मिळालं नाव, बाईंना मिळाला ळ. आता राहिलं कोण?

तूच की! कर बरं जिभेची शेपटी. टोक वर. टोक मागे. आणि सोड...

ळ!