भिंतीपलीकडचं पाणी

लोखंडाला वाचा होती, तेव्हाची गोष्ट. भंगारात एका जुन्या ट्रकचा इंजिन ब्लॉक पडला होता. जन्मभर ऊस वाहून झाला, आता त्याच्या सिलिंडरांत कोंबड्या अंडी घालायच्या. शिकलगार मिस्त्रींनी त्याला शर्यतीच्या गाडीसाठी उचलून आणलं, तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं.

बोरिंग मशीन त्याचे सिलिंडर आतून कापून रुंद करू लागलं. जागा जितकी मोठी, तितका आत जाळ जास्त आणि तितकाच जोर जास्त. ब्लॉक म्हणाला, "काप की अजून! थांबलंस का?"

"पलीकडे पाणी आहे बाबा, तुला गार ठेवणारं," मशीन म्हणालं. "मधे भिंत उरायला नको?"

"जाड भिंती ओझं वाहणाऱ्याला लागतात. मला आता पळायचंय."

मिस्त्रींनी भिंतीचं माप घेतलं आणि मशीन बंद केलं. ब्लॉक जो रुसला, तो शर्यतीच्या दिवसापर्यंत रुसलेलाच.

शर्यतीत मात्र तो असा पळाला, की भलेभले मागे पडले. आत जाळ भडकला, भिंती तापून थरथरू लागल्या. शेवटच्या वळणावर भिंतीपलीकडून धापा टाकत पाणी बोललं.

"दादा, उकळी दाबून धरलीय मी. पण त्या दिवशी मशीनखाली भिंतीची आणखी एक साल निघाली असती ना, तर आत्ता मी आत शिरलं असतं, आणि तू परत कोंबड्यांकडे गेला असतास."